कापा की बरका

सरजेकोटहून साडेसहाची एसटी, पोटात चहासुद्धा नाही.
तीन तास उपाशी या, असं चिठ्ठीवर होतं.
मी रात्रीपासूनच धरलं.
देवाला जास्तीचा उपास चालतो,
यंत्रालाही चालेल.

कणकवलीत दर दुसऱ्या गुरुवारी
हे यंत्र कोल्हापूरहून गाडीत बसून येतं.
बाकावर आम्ही सात जण,
एकमेकांच्या पोटाकडे चोरून बघणारे.

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू' आलं तेव्हा
भाऊ ओसरीवरून ओरडलेला,
"गो हेमू, तू कधीपासून पिऊक लागलंस?"
शेजारच्या कुबलांच्या खिडकीत दोन डोकी दिसली.
मी आयुष्यात सोलकढी प्यायले फक्त,
आणि सव्वीस वर्षं पतपेढीच्या खुर्चीत बसले.
भात तीनदा. जत्रेतलं खाजं डब्यात आषाढापर्यंत.
साखर गेल्या वर्षी निघाली.

साटम डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं:
वय एक्कावन्न, गुणिले एसजीओटी,
खाली प्लेटलेट, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ.
मी व्याज काढते, मला भागाकाराचं भय नाही.
उत्तर एक पॉइंट बासष्ट.
एक पॉइंट तीनच्या खाली असतं तर घरी जा म्हणाले असते,
दोन पॉइंट सदुसष्टच्या वर, तर मोठ्या डॉक्टरकडे.
मी मधे.
थकलेलं नाही, पण हप्ता उशिरा येतोय
असं खातं.

आत उताणी झोपवलं,
उजवा हात डोक्याखाली, बरगड्या उघड्या.
गार जेल.
मुलगी कोवळी होती, नाव विचारलं तर अंकिता लाड.
"पूर्वी सुई घालून तुकडा काढायचे, काकी.
आता नुसती टिचकी.
टिचकीची लाट आत किती वेगाने जाते, तेवढं मोजायचं."

टप्.

बाबा आठवले.
खाडीवर उपडी घातलेली होडी,
वाकसाच्या पाठीने फळी फळी ठोकत जाणारे बाबा,
कान लाकडाला, तोंडात विझलेली विडी.
खणखणीत वाजली की पुढची.
भद्द वाजली की खडूची फुली.
भोक पाडून बघतो तो मेस्त्री कसला, म्हणायचे.

टप्. टप्.

"मऊ असलं की लाट रमतगमत जाते," अंकिता सांगत होती,
"व्रण धरून घट्ट झालं की धावत सुटते."
म्हणजे बाबांचा कायदा इथे उलटा.
इथे खणखणीत वाजणं वाईट.
मी मनात म्हटलं, वाजू नको गो,
फळी असलीस तरी आज भिजल्यासारखी वाज.

दहा ठोके. एक वाया गेला, मी श्वास सोडला म्हणून,
तर अकरा.
मधला आकडा धरतात.
सात पॉइंट आठ.
आठाच्या अलीकडे. जेमतेम.

साटम डॉक्टर हसले नाहीत, घाबरवलंही नाही.
वजन सात टक्के उतरवा. चाला.
वर्षाने परत ठोकून बघू.
व्रण धरला नाही असं म्हणाले नाहीत,
"शक्यता कमी" म्हणाले.
पतपेढीत आम्हीही तसंच लिहितो.

कसालच्या स्टँडवर फणसवाली बसलेली,
तेलाचा हात, कोयती, गोणपाट.
"बाये, कापो व्हयो की बरको?"
जन्मभर मी कापाच मागितला,
घट्ट, करकरीत, सुरीने सुटणारा.
बरका म्हणजे लिबलिबीत, म्हाताऱ्यांचा.
हात नकळत उजव्या बरगडीखाली गेला.

"बरको," मी म्हटलं.
तिने चकित होऊन बघितलं,
फणसावर दोन टिचक्या मारल्या,
कान लावला,
आणि मला उगाच वाटलं
की आता ही पण एक आकडा सांगणार.

तीन गरे खाल्ले. साखर आहे, मोजून.
चौथा हातात धरून बसले
मालवणची गाडी लागेपर्यंत.